सात वेळा तपासलेली चाळणी

आपण धाडसी माणूस आहोत असं बघूरावांना आयुष्यात एकदाच वाटलं, आणि ते वाटणं एकूण साडेचार तास टिकलं. गुरुवारी सकाळी साडेदहा ते दुपारी तीन. त्यातला अर्धा तास जेवणाच्या सुट्टीत गेला, तो धरायचा की वगळायचा, यावर त्यांनी नंतर बराच विचार केला. असल्या गोष्टीवर विचार करणाऱ्याला धाडसी म्हणत नाहीत हे त्यांना कळत होतं. पण कळून उपयोग काय? विचार करणं थांबव म्हटलं की त्यांना आधी थांबवण्याचे परिणाम काय होतील याचा विचार करावा लागे.

त्यांचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथेच राहिलं होतं. कोणी विचारलं, पंखा वाढवू का, खिडकी उघडू का, चहा सांगू का, तर यांचं एकच उत्तर, "बघू." त्यामुळे समुपदेशन केंद्रात सगळे त्यांना बघूराव म्हणत. समोर म्हणत, मागेही म्हणत. त्यांना ते आवडत नव्हतं, आणि तसं सांगावं की नाही हे ते नऊ वर्षं बघत होते.

केंद्र म्हणजे चष्म्याच्या दुकानावरचा दुसरा मजला. तीन खोल्या, एक बाक, पाण्याचा एक फिल्टर आणि मन घट्ट करून जिना चढून आलेली माणसं. डॉक्टरमॅडम आत बसत. बाहेरच्या खोलीत बघूराव. लोकांनी भरलेल्या प्रश्नावल्या तपासायच्या, गुण काढायचे, फाइलवर लिहायचे, हे त्यांचं काम. काम चोख होतं. बघूरावांच्या हातून चूक होत नाही अशी त्यांची ख्याती होती, कारण चूक होण्याइतकं काही ते पटकन करतच नसत.

मॅडमनी या वर्षी एक नवा कार्यक्रम सुरू केला होता. त्यांचं म्हणणं साधं होतं. प्रत्येकाच्या मनात दोन यंत्रणा असतात. एक म्हणते, ऊठ, जा, हवंय ते मिळव. ती चालना. दुसरी म्हणते, थांब, काहीतरी बिनसेल, लोक काय म्हणतील. ती आवर. दोन्ही लागतातच. पण कोणाची चालना इतकी मोकाट सुटलेली असते की माणूस आधी करतो आणि मग पस्तावतो. कोणाचा आवर इतका घट्ट असतो की माणूस न करताच पस्तावतो. दुसरं वाक्य मॅडम पहिल्यांदा बोलल्या तेव्हा बघूरावांनी उगाच टेबलाखाली पडलेली टाचणी शोधली होती.

मग दोन वह्या छापल्या. मोकाट मंडळींसाठी आवर-वही. काहीही करण्याआधी थांबा, सावकाश शंभर आकडे मोजा, होऊ शकणारे तीन वाईट परिणाम लिहा. घट्ट मंडळींसाठी चालना-वही. रोज एक छोटी गोष्ट, जमेल की नाही हे न बघता, करून टाका. कोणाला कुठली वही द्यायची हे केंद्रात आधीपासून वापरात असलेल्या चोवीस वाक्यांच्या प्रश्नावलीवरून ठरे. 'फोन वाजला की वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं असणार.' 'नवी वस्तू दिसली की हात आपोआप पुढे जातो.' अशी वाक्यं. प्रत्येकापुढे चार गोल, 'अजिबात नाही' पासून 'अगदी माझंच' पर्यंत. भरलेल्या कागदावर भोकं पाडलेला पारदर्शक प्लास्टिकचा ताव ठेवायचा, भोकांतून दिसणाऱ्या खुणांचे गुण मोजायचे. त्या तावाला केंद्रात चाळणी म्हणत. चालनेची एक चाळणी, आवराची एक.

जुन्या चाळण्या पिवळ्या पडून तडकल्या, तेव्हा सहा आठवड्यांपूर्वी बघूरावांनी नव्या बनवल्या. जुनीवर नवी ठेवून, भिंग घेऊन, एकेक भोक आखलं, कापलं, घासलं. सगळी भोकं सात वेळा तपासली. सहाव्या वेळी एक भोक केसभर डावीकडे वाटलं म्हणून सातव्यांदा. मग अगदी शेवटी, काम संपल्याच्या समाधानात, दोन्हींवर नावाची चिकटपट्टी लावली. ती मात्र तपासली नाही. ती काय तपासायची, नाव तर आपणच लिहिलंय.

आता तो गुरुवार. बघूराव दर वर्षी ती प्रश्नावली गुपचूप स्वतःसाठी भरत. का, ते विचारू नका. बहुधा एखाद्या वर्षी निकाल बदलेल या आशेने. चार वर्षांचे चार कागद टेबलाच्या खणात होते आणि चारही कागदांवर आवर ओसंडून वाहत होता. या वर्षीचा कागद त्यांनी नव्या चाळणीखाली ठेवला, गुण मोजले, पुन्हा मोजले. चालना, जवळजवळ पैकीच्या पैकी. आवर, नावाला.

बघूराव खुर्चीत ताठ झाले. वाटलं, चला, माणूस बदलतो म्हणतात ते खोटं नाही. मग त्यांनी शिपायाला दार लावून घ्यायला सांगितलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा. दुसरा चहा मागवला. बायकोला फोन करून म्हणाले, "संध्याकाळी तयार राहा, बाहेर जाऊ."

"कोण बोलतंय?" बायकोने विचारलं.

तीन वाजता, तिसऱ्या चहाच्या निमित्ताने खण उघडला तेव्हा जुने कागद हाताला लागले. सहज नव्या कागदाशेजारी ठेवले. खुणा त्याच होत्या. चोवीसच्या चोवीस, त्याच गोलांत. माणूस तसूभर बदलला नव्हता आणि निकाल मात्र उलटा झाला होता. बघूरावांनी चाळण्या उचलल्या, प्रश्न बघितले, चिकटपट्ट्या बघितल्या. चालनेच्या चाळणीवर आवर लिहिलं होतं आणि आवराच्या चाळणीवर चालना.

पहिल्यांदा मनात काय आलं, तर बायकोला बाहेर जायचं रद्द झालं म्हणून कळवायला हवं. माणसाचं मन असं असतं, निदान यांचं तरी.

दुसऱ्यांदा मात्र कपाटाकडे लक्ष गेलं. सहा आठवडे. एक्केचाळीस फाइली. त्यात एकोणीस मोकाट माणसं, ज्यांना 'फार विचार न करता करून टाका' अशी वही गेली होती. त्यांच्या दर आठवड्याच्या चिठ्ठ्या आता वाचल्या तर अंगावर काटा येत होता. एका विक्रेत्याने माशांच्या तीन टाक्या घेतल्या होत्या. एका बाईंनी सासूला बरीच वर्षं मनात ठेवलेलं सगळं एका दमात ऐकवलं होतं आणि शेवटी लिहिलं होतं, 'वहीमुळे फार मोकळं वाटलं.' ही मंडळी निदान मजेत होती. उरलेली बावीस मजेत नव्हती. ती आधीच भिंतीला पाठ लावून बसलेली माणसं, आणि त्यांना केंद्राने लेखी सांगितलं होतं, थांबा, मोजा, वाईट काय होईल ते लिहा.

त्यातली सर्वांत वरची चिठ्ठी त्याच दिवशी आली होती. शिवणताईंची. एकट्या राहत, कपडे शिवत, आजूबाजूचे सगळे त्यांना शिवणताईच म्हणत. काही महिन्यांपूर्वी एका गिऱ्हाइकाचं महागाचं कापड त्यांच्या हातून तिरकं कापलं गेलं होतं, तेव्हापासून कात्री धरताना हात अडखळायचा, म्हणून बहिणीने त्यांना केंद्रात आणलं होतं. चिठ्ठीत सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'वहीप्रमाणे रोज करते आहे. कापायच्या आधी थांबते. परिणाम लिहिते. तीन सांगितले आहेत पण मला नऊ-दहा सुचतात. या पाच आठवड्यांत एकही कापड कापलेलं नाही. बाहेर जाणंही थांबवलं आहे. मशीन घरात असली की जीव खालीवर होतो, म्हणून पुढच्या बुधवारी ती समोरच्या इमारतीत देऊन टाकणार आहे. आपले आभार.'

आभार. बघूरावांनी तो शब्द दोनदा वाचला आणि त्यांना भडभडून आलं.

आता तुम्ही म्हणाल, मॅडम चार पावलांवर बसल्या होत्या, उठायचं आणि सांगायचं. तुम्ही म्हणाल हो. बघूरावांनी काय केलं, तर आधी दाराकडे पाहिलं, मग दोन्ही चिकटपट्ट्या अलगद काढून जागच्या जागी लावल्या. यापुढे चूक होणार नाही, एवढं तर झालं. मागच्याचं सांगायचंच होतं. फक्त नीट, योग्य शब्दांत, योग्य वेळी. बुधवारला अजून सहा दिवस होते.

शुक्रवारी मॅडमना सलग माणसं होती. मधेच घुसून सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हे, असं त्यांनी ठरवलं. शनिवारी मॅडम लवकर निघाल्या. बघूराव त्यांच्या मागे जिना अर्धा उतरलेही होते, पण मॅडम फोनवर बोलत होत्या, म्हणून ते अर्ध्या जिन्यात उभे राहिले आणि आपण कठडा तपासतोय असं दाखवलं.

रविवारी त्यांनी एक आवर-वही घरी आणून तिच्यात, नियमाप्रमाणे, सांगितल्याचे वाईट परिणाम लिहायला घेतले. नोकरी जाईल. मॅडमचं नाव खराब होईल. लोक केंद्रात येणं सोडतील. संध्याकाळपर्यंत ते चौतीसपर्यंत पोचले होते. चौतिसावा होता, चष्म्याच्या दुकानदाराला जिन्यावर लोकांचा राग सहन करावा लागेल. त्यांच्याकडून आधीच सगळं ऐकलेली बायको चहा घेऊन आली आणि तिने वही वाचली.

"मॅडम तुम्हाला खाणार आहेत का?"

"तसं नाही. त्यांना वाईट वाटेल."

"आणि त्या शिवणवाल्या बाईंना काय वाटतंय?"

"त्याचाच विचार करतोय."

"तो करायला तुम्हाला कोणी सांगितलं?" बायको म्हणाली, आणि कपात साखर ढवळायची राहिली होती ती ढवळून दिली. वहीत न सांगितल्याच्या परिणामांचं पान कोरंच होतं, हे तिने बोटाने दाखवलं नाही, पण पान उघडं ठेवून गेली.

सोमवारी मॅडम फार आनंदात होत्या, कोणाच्या आनंदावर विरजण कसं घालायचं? मंगळवारी त्या वैतागलेल्या होत्या, त्यात हे कसं सांगायचं? बुधवारी त्या रजेवर होत्या. बुधवारी बघूराव दिवसभर टेबलाशी बसून होते. शिवणताईंचा फोननंबर फाइलवर होता. तो त्यांनी चार वेळा लावायला घेतला. चारही वेळा शेवटचा आकडा दाबायच्या आधी त्यांना वाटलं, मॅडमना न विचारता पेशंटला फोन करणं नियमात बसत नाही. नियम हा भित्र्या माणसाचा सख्खा भाऊ असतो, असं त्यांचं स्वतःचंच निरीक्षण होतं. ते त्यांनी स्वतःलाच ऐकवलं आणि फोन खाली ठेवला.

गुरुवारी सकाळी शिवणताईंची धाकटी बहीण आली. हातात आवर-वही होती, भरलेली, शेवटच्या पानापर्यंत.

"ताईने परत द्यायला सांगितलंय," ती मॅडमना म्हणाली. दार उघडं होतं, बाहेर बघूरावांना सगळं ऐकू येत होतं. "ती म्हणते आता काही त्रास नाही. कापायचंच नाही तर हात कशाला अडखळेल? काल मशीन दिली. सकाळपासून नुसती बसलीये. बोलतही नाही फारसं."

मॅडमनी वही चाळली. मग म्हणाल्या, "मला त्या पहिल्या दिवशी फार संकोची वाटल्या होत्या. पण गुण बघितले तर चालना खूप जास्त. अशी माणसं एका झटक्यात वस्तू देऊन टाकतात. कागदाला आपल्यापेक्षा आतलं दिसतं कधीकधी." त्यांनी खण उघडल्याचा आवाज आला. "त्यांना दुसरी आवर-वही देते. आणखी सहा आठवडे करू दे."

"देऊ नका," कोणीतरी म्हणालं.

मॅडमनी वर पाहिलं. बहिणीने मागे वळून पाहिलं. दारात बघूराव उभे होते आणि तेही आसपास बघत होते, बोललं कोण म्हणून.

मग मात्र सगळं बाहेर आलं. ततपप करत, मधूनच भिंगाबद्दल आणि केसभर डावीकडच्या भोकाबद्दल नको तितकी माहिती देत, पण आलं. चिकटपट्ट्या, एक्केचाळीस फाइली, बावीस माणसं. मॅडमचा चेहरा पांढरा पडत गेला. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या हातातल्या वहीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मला दिसलं होतं. समोर बसलेलं माणूस दिसत होतं मला, आणि मी कागद बघितला."

मग त्यांनी मान वर केली. "बरं झालं, लक्षात आल्या आल्या सांगितलंत."

इथे बघूरावांनी काहीतरी बोलायला हवं होतं. त्यांची मान हलली. होकार म्हणा, नकार म्हणा, ज्याला जे हवं ते समजावं अशी हलली.

"सगळ्यांना आजच कळवायचं," मॅडम म्हणाल्या. "एकोणीस जणांना मी स्वतः फोन करते. त्यांना आधी थांबवायला हवं. आणि हे बावीस?"

"ते अनोळखी नंबर उचलत नाहीत मॅडम," बघूराव म्हणाले. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण तेही उचलत नसत. "पत्रं पाठवू. मी मसुदा करतो." पत्राचं नाव काढताच त्यांना जरा हायसं वाटलं. पत्र किती सभ्य गोष्ट. समोर कोणाचा चेहरा नसतो.

"ठीक आहे. पण शिवणताईंकडे तुम्ही आत्ता जा. यांच्याबरोबर. मी संध्याकाळी येते."

दहा मिनिटांचा रस्ता होता. बघूरावांना तो फारच लहान वाटला. बहीण सगळा वेळ पुढे चालत होती.

शिवणताईंची खोली पहिल्या मजल्यावर होती. दोरीवर कापडं टांगलेली होती, खडूने आखलेली. एकेका कापडावर एकाच रेषेशेजारी दुसरी रेष, तिच्याशेजारी तिसरी, इतक्यांदा आखलेलं की कापड पांढुरकं झालं होतं. कापलेलं एकही नव्हतं. खिडकीखालच्या टेबलावर मशीनच्या आकाराची एक चौकोनी स्वच्छ जागा होती. बाकी टेबलावर धूळ होती. शिवणताई त्या टेबलाशी, कामाला बसल्यासारख्या बसल्या होत्या. पुढ्यात काही नव्हतं.

बघूरावांनी उभ्या उभ्याच सांगितलं. या वेळी भिंगाबद्दल काही बोलले नाहीत. चूक माझी होती, तुम्हाला उलटी वही गेली, तुम्हाला थांबायला सांगायला नको होतं, करायला सांगायला हवं होतं. मॅडम संध्याकाळी येतील. केंद्र माफी मागतं.

शिवणताईंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट कोणाचं मन दुखावू नये अशी घाई होती. "असू दे हो साहेब. माणसाकडून होतं. तुम्ही बिचारे कळल्याबरोबर धावत आलात. पाणी देऊ?"

झालं होतं. दाराकडे वळलं असतं तर सगळं इथेच संपलं असतं. मॅडमना माहीत नव्हतं, बहिणीला माहीत नव्हतं, ताई तर पाणी विचारत होत्या. माहीत होतं ते फक्त बघूरावांना आणि त्यांच्या बायकोला, आणि बायको काही इथवर येणार नव्हती. त्यांना पाणी हवंही होतं. पण या बाईंच्या हातून पाणी घेतलं तर आपण कायमचे कामातून गेलो, असं त्यांना एकदम आणि फार स्पष्ट वाटलं.

"मी कळल्याबरोबर आलो नाही," ते म्हणाले. "मला मागच्या गुरुवारी कळलं. तुमची चिठ्ठीही तेव्हाच वाचली. बुधवारी मशीन जाणार हे मला माहीत होतं."

बहिणीने वळून बघूरावांकडे पाहिलं.

"मागच्या गुरुवारी," शिवणताई म्हणाल्या.

"हो."

"म्हणजे आठ दिवस."

"हो."

"आठ दिवस मी रोज त्या मशीनसमोर बसून रडत होते." त्यांचा आवाज अजून लहानच होता, पण त्यात काहीतरी तापायला लागलं होतं. "रोज तिला पुसत होते. देऊ की नको, देऊ की नको. काल ती उचलून नेली तेव्हा मी तोंडात पदर कोंबून आत उभी होते. आणि तुम्हाला माहीत होतं. तुम्ही तिथे बसून चहा पीत होतात आणि तुम्हाला माहीत होतं."

"हो," बघूराव म्हणाले. कारणं त्यांच्याकडे चौतीस होती, वहीत क्रमांक घालून लिहिलेली. त्यातलं एकही या खोलीत बाहेर काढण्यासारखं नव्हतं. चहाचं तर अगदीच खरं होतं.

"लाज नाही वाटली तुम्हाला?"

"वाटली. रोज वाटली. तीच कुरवाळत बसलो."

शिवणताई उठल्या. खुर्ची मागे ढकलली गेली ती भिंतीवर आपटली. "चला," त्या म्हणाल्या.

"कुठे?" बहिणीने घाबरून विचारलं.

"माझी मशीन आणायला. आणि हे उचलणार आहेत."

पाच आठवडे उंबरा न ओलांडलेल्या त्या बाईंनी पायात चपला सरकवल्या, एकीचा पट्टा टाचेखाली चिरडला होता तसाच, आणि तरातरा जिना उतरल्या. मागे बघूराव, त्यांच्या मागे बहीण. रस्ता ओलांडताना एका सायकलवाल्याला थांबावं लागलं, तर ताईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानेच माफी मागितली. रागावलेल्या माणसाची चालना काय असते ते मॅडम नेहमी सांगत. बघूरावांनी ते टिपूनही घेतलं होतं. पण आज ती चालना त्यांच्यापुढे चार पावलं चालत होती आणि तिला गाठताना त्यांना धाप लागत होती.

समोरच्या इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त नर्सबाई राहत. त्यांनी दार उघडलं आणि ताईंना बघून त्यांचे डोळे विस्फारले.

"माझी मशीन परत द्या," ताई म्हणाल्या. "चुकून दिली. मला हवी आहे."

"मी अजून पेटीही उघडली नाही," नर्सबाई म्हणाल्या. "मला वाटलंच होतं तुम्ही याल. आत्ताच ने गं बाई, माझ्याही जिवाला घोर लागला होता." तुम्हीवरून गं बाईवर त्या कधी आल्या हे त्यांनाही कळलं नसावं. ताईंचे डोळे भरून आले ते तेव्हा.

पेटी लोखंडासारखी जड होती, म्हणजे लोखंडच होतं ते. बघूरावांनी ती दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि रस्त्यावरून निघाले. शिवणताईंचा राग एव्हाना थोडा खाली बसला होता. त्या शेजारून चालत होत्या.

"पहिल्याच दिवशी मला वाटलं होतं," त्या म्हणाल्या, "ही वही माझी नाही. भांडखोर, उधळ्या माणसाची वही मला दिलीये. पण विचारायचं कसं? म्हटलं, शिकलेली माणसं आहेत, काही कळूनच दिली असेल."

"विचारायला हवं होतंत," बघूराव म्हणाले आणि त्यांची त्यांनाच जीभ चावावीशी वाटली.

"हो का?" ताई म्हणाल्या. "सांगायला हवं होतंत."

जिना चढून पेटी टेबलावर त्या स्वच्छ चौकोनात ठेवली, तेव्हा सव्वाबारा झाले होते. ताईंनी पेटीचं झाकण काढलं, चाकावर हात ठेवला, पण फिरवलं नाही. मग एकदम विचारलं, "माझ्यासारखे आणखी किती आहेत?"

"तुम्ही धरून बावीस."

"त्यांना सांगितलं?"

"पत्रं पाठवतोय. मसुदा माझ्याकडेच आहे."

"पत्रं?" शिवणताईंनी त्यांच्याकडे बघितलं. राग नव्हता त्या बघण्यात. एका भित्र्याने दुसऱ्याला ओळखावं तसं बघणं होतं, आणि ते रागापेक्षा जास्त झोंबलं. "छापील नावाचं पाकीट आलं की मी काय करते माहीत आहे? गादीखाली ठेवते. महिना महिना उघडत नाही. त्या बाकीच्या एकवीस जणांत एक तरी उघडेल असं वाटतं तुम्हाला?"

बघूरावांना बँकेची दोन पाकिटं आठवली. घरी, कपाटावर, वर्तमानपत्राखाली.

"म्हणजे ते मोजत बसतील," ताई म्हणाल्या. "तुमचं पत्र गादीखाली ठेवून, तुम्ही सांगितलंय म्हणून, मोजत बसतील. कोण काय देऊन टाकत असेल कोणाला ठाऊक?"

"घरी जाऊन सांगायला हवं," बघूराव म्हणाले. एकवीस अनोळखी दारं. प्रत्येक दारात उभं राहून, चूक माझी, असं म्हणायचं. त्यांच्या मनात त्याच क्षणी पस्तिसावा परिणाम तयार झाला, छत्तिसावा त्याच्यामागे रांगेत उभा राहिला.

"सगळ्यांत जवळचं कोण आहे?"

"पाण्याच्या टाकीमागे एक निवृत्त मास्तर आहेत. त्यांनी शिकवण्या बंद केल्यात."

"मग निघा," शिवणताई म्हणाल्या. त्यांनी दोरीवरचं एक कापड ओढून टेबलावर पसरलं आणि त्याच्यावरच्या चार रेषांपैकी खरी कुठली ते वाकून बघू लागल्या. मान वर न करताच त्यांनी पुढचं सांगितलं. "आणि त्यांनाही तारीख खरी सांगा. तुमच्या मॅडमनासुद्धा."

बघूराव जिना उतरले. आधी चहा घेऊन मग जाऊ, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. पटलं नाही. ते टाकीच्या दिशेने चालू लागले.